सिएरा लिओन: परतलेले लढवय्ये आणि राहिलेला हिशेब

१८ जानेवारी २००२ रोजी सिएरा लिओनच्या राजधानीसमोर, खाडीपलीकडच्या लुंगी इथे जमा झालेल्या बंदुका पेटवण्यात आल्या आणि राष्ट्राध्यक्ष अहमद तेजान काब्बा यांनी अकरा वर्षांचं यादवी युद्ध संपल्याचं जाहीर केलं. त्याच्या दोनच दिवस आधी, १६ जानेवारीला, त्यांच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांबरोबर एका करारावर सह्या केल्या होत्या. या युद्धातल्या अत्याचारांना सर्वाधिक जबाबदार असलेल्यांवर खटले चालवण्यासाठी विशेष न्यायालय उभारण्याचा तो करार होता. एकीकडे सत्तर हजारांहून अधिक लढवय्यांना ‘घरी या’ म्हणायचं आणि दुसरीकडे त्यांच्या म्होरक्यांना पिंजऱ्यात उभं करायचं, अशी दोन्ही कामं या छोट्या देशाने एकाच आठवड्यात अंगावर घेतली.

अशा प्रकरणांवर लिहिताना ‘शांतता हवी की न्याय’ हा वाद हमखास निघतो. मला तो वाद चुकीच्या जागी सुरू होतो असं वाटतं. सिएरा लिओनमध्ये लढवय्या गावात परत येऊ शकतो की नाही, हाच मुळात न्यायाचा प्रश्न होता. त्याने आणि त्याच्या तुकडीने लोकांचं काय केलं होतं, यावर सगळं अडत होतं. हत्यारं काढून घेऊन लढवय्यांचं पुनर्वसन करण्याचा कार्यक्रम आखणाऱ्यांनी मात्र तो हत्यारांचा आणि रोजगाराचा प्रश्न म्हणून हाती घेतला. त्यातून काय साधलं आणि काय हातचं निसटलं, ते इथे मांडतो.

युद्धाची गोष्ट थोडक्यात. मार्च १९९१ मध्ये रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट, म्हणजे आरयूएफ, ही संघटना लायबेरियाच्या हद्दीतून पूर्वेकडच्या कायलाहुन जिल्ह्यात शिरली. तिचा नेता फोडे सांकोह हा लष्करातला माजी कॉर्पोरल. त्याला लायबेरियातला बंडखोर म्होरक्या, पुढे तिथला राष्ट्राध्यक्ष झालेल्या चार्ल्स टेलरचा पाठिंबा होता. जगाला हे युद्ध हिऱ्यांमुळे ठाऊक आहे. पण पुढे नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने स्पष्ट म्हटलं की हिऱ्यांनी युद्ध पोसलं, ते पेटलं मात्र दुसऱ्या कारणांनी: वर्षानुवर्षांचा भ्रष्टाचार, एकपक्षीय राजवट, आणि खेड्यापाड्यातल्या तरुणांवर मुखियांची मनमानी. मुखियाच्या शेतावर फुकट राबायचं आणि क्षुल्लक कारणावरून न परवडणारा दंड भरायचा, अशा जाचाला कंटाळलेली पोरं बंडात ओढली गेली. काहींना तर सरळ पळवूनच नेलं.

बाजूही दोनच नव्हत्या. दिवसा सरकारी सैनिक आणि रात्री लुटारू असलेल्यांना लोक ‘सोबेल’ म्हणू लागले. मे १९९७ मध्ये लष्करातल्या एका गटाने सत्ता बळकावली आणि आरयूएफलाच भागीदार करून घेतलं. दुसरीकडे, गावांचं रक्षण करायला कामाजोर या पारंपरिक शिकाऱ्यांचं दल उभं राहिलं. ते निवडून आलेल्या सरकारच्या बाजूने लढलं, आणि अत्याचारांत तेही मागे राहिलं नाही. जानेवारी १९९९ मध्ये बंडखोर फ्रीटाऊनमध्ये घुसले. सामान्य माणसांचे हात कोपरापासून किंवा मनगटापासून तोडणं, ही या युद्धाची जगभर पोचलेली ओळख याच काळातली.

त्या हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी, ७ जुलै १९९९ ला, टोगोची राजधानी लोमे इथे करार झाला. त्याच्या नवव्या कलमाने सगळ्या लढवय्यांना सरसकट आणि बिनशर्त माफी दिली. सांकोहला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा मिळालाच, शिवाय हिरे आणि इतर खनिजांवर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपदही मिळालं. ज्या माणसाने देश जाळला त्याच्याच हाती खाणी दिल्या! सही करताना संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी फ्रान्सिस ओकेलो यांनी नोंद केली की वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांना ही माफी लागू होते असं संयुक्त राष्ट्रं मानत नाहीत. त्या वेळी ही नोंद कागदापुरती वाटली असेल. अडीच वर्षांनी विशेष न्यायालय उभं राहिलं तेव्हा हीच नोंद कामी आली.

लोमेचा करार वर्षभरही टिकला नाही. मे २००० मध्ये आरयूएफने संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या सुमारे पाचशे सैनिकांना ओलीस धरलं. या सेनेचे प्रमुख तेव्हा भारताचे मेजर जनरल विजयकुमार जेटली होते आणि कायलाहुनमध्ये गोरखा रायफल्सच्या दोन तुकड्या दोन महिन्यांहून अधिक काळ वेढ्यात अडकल्या होत्या. जुलैमधल्या ‘ऑपरेशन खुकरी’ने त्यांची सुटका केली. फ्रीटाऊनमध्ये सांकोहच्या घरावर गेलेल्या मोर्चावर गोळीबार होऊन सुमारे वीस जण मारले गेले आणि काही दिवसांतच सांकोह पकडला गेला. ब्रिटिश फौजा उतरल्या, शांतिसेना वाढवली गेली, आणि मे २००१ पासून हत्यारं जमा करण्याचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं. सरसकट माफी आणि खुर्च्यांचं वाटप यांनी जी शांतता आली नाही, ती माफीला मर्यादा पडल्यावर आली, एवढं तरी या घटनाक्रमातून दिसतं.

आता हत्यारं जमा करण्याच्या केंद्राकडे येऊ, कारण या प्रकरणाची मेख तिथेच आहे.

केंद्रावर आलेला माणूस लढवय्या आहे हे ओळखायचं कसं? सुरुवातीच्या टप्प्यांत त्याची साधी कसोटी होती: बंदूक आणा. आणलेली बंदूक, बहुधा एके-४७, अधिकाऱ्यासमोर सुटी करून पुन्हा जोडून दाखवायची. जमलं तर नाव नोंदलं जाई, ओळखपत्र मिळे, आणि त्या ओळखपत्रावर पुढचा भत्ता आणि प्रशिक्षण. फसवणूक टाळण्यासाठी ही रीत सोयीची होती. शेवटच्या टप्प्यात गटागटाने हत्यारं जमा करायची मुभा दिली गेली, आणि गटात कोण कोण आहे याची यादी कमांडरने द्यायची असं ठरलं.

या दोन्ही रीतींत कोण सुटलं ते पाहा. बंडखोरांच्या तळांवर पळवून नेलेल्या मुली होत्या. त्या स्वयंपाक करत, ओझी वाहत, जखमींची शुश्रूषा करत, हेरगिरी करत. कित्येक जणी लढायलाही जात. कमांडरने ‘बायको’ म्हणून ठेवलेल्या मुलींच्या वाट्याला यातलं सगळं येई आणि वर बलात्कार. यांतल्या अनेकींच्या हाती स्वतःची बंदूक नव्हती. जिच्या हाती होती तिची कमांडरने काढून घेतली आणि आपल्या नातलगाला दिली, असेही प्रकार घडले. यादी करणारा तोच कमांडर! पळून आलेल्या मुलीचं नाव तो कशाला लिहील? अनेकींना तर नाव लागायलाच नको होतं, कारण ‘बंडखोराची बाई’ हा शिक्का घेऊन माहेरी कोणत्या तोंडाने जायचं?

कार्यक्रमाच्या अखेरीस ७२,४९० लढवय्यांची नोंद झाली. त्यात बायका पाच हजारांहून कमी. ६,८४५ मुलं होती, त्यांत मुली जेमतेम पाचशेच्या आसपास. युद्धात प्रत्यक्ष किती होत्या याच्याशी या आकड्यांचा काही मेळ नाही. पुनर्वसनाचं दार बंदुकीच्या मापाचं केलं, आणि सर्वाधिक सोसलेल्या मुली त्या दाराबाहेर राहिल्या.

मुलग्यांच्या बाबतीत मात्र काही गोष्टी शहाणपणाने केल्या गेल्या, आणि त्या आवर्जून सांगायला हव्यात. मुलांना मोठ्यांपासून लगेच वेगळं केलं जाई, म्हणजे कमांडरशी असलेली नाळ तुटे. काही आठवडे तात्पुरत्या निवासात ठेवून घरच्यांचा शोध घेतला जाई. त्यांच्या हाती रोख रक्कम देण्याऐवजी, अशा मुलांना वर्गात घेणाऱ्या शाळेला साहित्य दिलं जाई आणि ते सगळ्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडे. त्यामुळे बंडातून आलेलं पोर वर्गात बसलं की बाकीच्यांचाही फायदा होई, आणि ‘मारणाऱ्याला बक्षीस’ ही भावना तितकी पेट घेत नसे. शेजारच्या लायबेरियात पुढे मुलांच्या हाती रोकड दिली गेली आणि त्यावर बरीच टीका झाली. सिएरा लिओनचा हा साधा निर्णय किती मोलाचा होता, ते त्यावरून कळतं.

मोठ्यांच्या वाट्याला साधारण सहा महिन्यांचं प्रशिक्षण आलं: सुतारकाम, गवंडीकाम, शिवणकाम, कापड रंगवणं, साबण बनवणं. शेवटी अवजारांचा संच. पन्नास हजारांहून अधिक जणांनी याचा लाभ घेतला. पण ज्या गावात दोन खोल्यांचं घर बांधायलाही कुणाकडे पैसे नाहीत, तिथे इतक्या सुतारांना काम कोण देणार? अनेकांनी अवजारं विकून टाकली. दोन हजारांहून अधिक जण ब्रिटिशांच्या देखरेखीखाली नव्या सैन्यात घेतले गेले. आरयूएफने पक्ष काढून २००२ ची निवडणूकही लढवली, पण संसदेत त्यांना एकही जागा मिळाली नाही.

आराखड्यात नसलेली एक गोष्ट मात्र जोरात चालली. युद्धात गाड्या जळाल्या होत्या, रस्ते उखडले होते. बो, केनेमा, माकेनी या गावांत तरुणांनी मोटरसायकलवरून प्रवासी न्यायला सुरुवात केली. तिथे या गाडीला ओकाडा म्हणतात. यांत माजी लढवय्ये मोठ्या संख्येने होते, आणि काल एकमेकांवर गोळ्या झाडणारे आरयूएफचे आणि कामाजोर दलाचे लोक एकाच संघटनेत आले. ही संघटना सभासदांकडून वर्गणी घेई, अपघात झाला तर मध्ये पडे आणि पोलिसांशी बोलणी करी. गावात परत जाऊन पुन्हा मुखियाच्या दंडाखाली राबण्यापेक्षा तरुणांना हे बरं वाटलं, यात नवल नाही. युद्धाच्या मुळाशी जो जाच होता तो खेड्यात बराचसा तसाच होता. पुनर्वसन म्हणजे ‘मूळ गावी परत पाठवणं’ असं धरून चालणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

जुने धागे पुरते तुटलेही नव्हते. २००७ च्या निवडणुकीत राजकीय पक्षांनी माजी लढवय्यांना अंगरक्षक म्हणून पुन्हा गोळा केलं, आणि हाक गेली ती जुन्या कमांडरांमार्फतच.

आता न्यायालयाकडे. फ्रीटाऊनमध्येच बसलेल्या या न्यायालयात परदेशी आणि स्थानिक न्यायाधीश एकत्र होते. आरोपपत्रं फक्त तेरा जणांवर दाखल झाली. सांकोह २००३ मध्ये कोठडीतच वारला, त्याचा उजवा हात सॅम बोकारी त्याच वर्षी लायबेरियात मारला गेला, सत्ता बळकावणारा जॉनी पॉल कोरोमा कधी हाती लागलाच नाही. शेवटी नऊ जण दोषी ठरले. आरयूएफच्या इसा सेसेला ५२ वर्षं, आणि २०१२ मध्ये चार्ल्स टेलरला ५० वर्षं. कायद्याने पंधरा ते अठरा वयाच्या आरोपींवर खटला चालवता आला असता, पण पहिले अभियोक्ता डेव्हिड क्रेन यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं की मुलांवर खटले भरणार नाही. हा निर्णय योग्य होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सगळ्यात अवघड ठरलं ते सॅम हिंगा नॉर्मन यांचं प्रकरण. ते कामाजोर आणि इतर नागरी दलांचे प्रमुख होते. मार्च २००३ मध्ये अटक झाली तेव्हा ते चक्क देशाचे गृहमंत्री होते. दक्षिणेतल्या असंख्य लोकांच्या लेखी ते गावं वाचवणारे वीर होते. आरोप मात्र गंभीर होते: बंडखोरांना साथ दिल्याच्या संशयावरून माणसं मारणं, मुलांना दलात घेणं. नॉर्मन यांना सत्यशोधन आयोगापुढे जाहीर साक्ष द्यायची होती. न्यायालयाने जाहीर सुनावणीला नकार दिला, फक्त लेखी निवेदनाची वाट ठेवली. निकाल लागण्याआधीच, फेब्रुवारी २००७ मध्ये, उपचारांसाठी डाकारला नेलं असता त्यांचं निधन झालं. त्यांच्या दोन सहआरोपींना आधी सहा आणि आठ वर्षांची शिक्षा झाली, कारण ते लोकशाही सरकारसाठी लढले हे खालच्या पीठाने विचारात घेतलं. अपील पीठाने ती पंधरा आणि वीस वर्षांवर नेली. लढण्याचं कारण चांगलं होतं म्हणून कैद्याला मारण्याचा गुन्हा हलका होत नाही, ही भूमिका मला पटते. पण दक्षिणेत ती पटवून द्यायला न्यायालय कमी पडलं.

आयोग आणि न्यायालय एकाच वेळी, एकाच शहरात चालले, त्याचा फटका आयोगाला बसला. बिशप जोसेफ हम्पर यांच्या अध्यक्षतेखालच्या या आयोगाने सात हजारांहून अधिक जबान्या घेतल्या, २००३ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यात सुनावण्या घेतल्या. पण आपण इथे बोललेलं तिकडे पुरावा म्हणून जाईल, ही भीती माजी लढवय्यांच्या मनातून गेली नाही. दोन्ही संस्था वेगळ्या आहेत हे कितीही सांगितलं, तरी ज्याला लिहिता-वाचता येत नाही अशा माणसाला दोन्हीकडे परदेशी लोक, गाड्या आणि टेपरेकॉर्डरच दिसत होते.

तरीही एका बाबतीत न्यायालयाने जे केलं ते पुनर्वसन कार्यक्रमाला जमलं नव्हतं. जून २००७ मध्ये, मुलांना सैन्यात भरती केल्याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कुणाला दोषी ठरवण्याची पहिली वेळ इथे आली. फेब्रुवारी २००८ मध्ये अपील पीठाने जबरदस्तीने लादलेलं लग्न हा मानवतेविरुद्धचा स्वतंत्र गुन्हा मानला, आणि पुढच्याच वर्षी आरयूएफच्या नेत्यांना त्यासाठी शिक्षा झाली. बंदूक जोडता आली नाही म्हणून जी मुलगी केंद्रावरून परत पाठवली गेली, तिच्यावर काय गुदरलं याची निदान निकालपत्रात नोंद झाली. मात्र निकालपत्राने तिच्या हाती काही पडलं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. लढवय्ये परत मिसळले कशाने? मकार्टन हम्फ्रीज आणि जेरेमी वाइनस्टाइन यांनी २००३ मध्ये एक हजारांहून अधिक माजी लढवय्यांची पाहणी केली. कार्यक्रमात सहभागी झालेल्यांचं पुनर्वसन न झालेल्यांपेक्षा बरं झालं, असा पुरावा त्यांना फारसा सापडला नाही. कोणाला गावाने स्वीकारलं आणि कोणाला नाही, याचा सगळ्यात ठळक संबंध लागला तो त्याच्या तुकडीने नागरिकांवर केलेल्या अत्याचारांशी. ज्या तुकड्या जास्त क्रूर, त्यांच्या माणसांना गाव जवळ करीना. टेरेसा बेटनकोर्ट यांनी २००२ पासून बालसैनिकांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्यातही पुढच्या आयुष्यावर मोठा परिणाम दिसला तो घरच्यांनी आणि गावाने स्वीकारण्याचा आणि शाळेत जाता येण्याचा. म्हणून मी वर म्हटलं की परतणं हा न्यायाचा प्रश्न होता. गाव मनात हिशेब ठेवत होतं. सरकारी कागदांत तो हिशेब कुठेच नव्हता.

आणि ज्यांचे हात गेले त्यांचं काय? फ्रीटाऊनच्या अ‍ॅबर्डीन छावणीतले अपंग उघड विचारत होते: आमचे हात तोडणाऱ्यांना भत्ता आणि अवजारं, आम्हाला काय? आयोगाने २००४ च्या अहवालात नुकसानभरपाईची शिफारस केली. प्रत्यक्ष नोंदणी सुरू व्हायला २००८ चा डिसेंबर उजाडला. तीस हजारांहून अधिक पीडितांची नोंद झाली आणि बहुतेकांच्या हाती पडले ते तीन लाख लिओन, म्हणजे शंभर डॉलरच्या आसपास, तेही एकदाच. लढवय्यांचं काम २००४ मध्येच आटोपलं होतं. बंदूकवाल्याला थांबवणं तातडीचं असतं हे मी समजू शकतो. त्याला ताटकळत ठेवलं तर तो पुन्हा जंगलात जाईल. पण हात तोडलेला माणूस जंगलात जाणार नाही, एवढ्याच कारणाने त्याला पाच वर्षं मागे ठेवलं गेलं. याचं समर्थन कुठल्याही नियोजनाने होत नाही.

गावांनी आपल्या परीने वाटा काढल्या होत्या. वाईट पोर टाकून द्यावं असं रान नसतं, अशा अर्थाची म्हण तिथल्या क्रिओ भाषेत आहे. परतलेल्या मुलांचे शुद्धीचे विधी झाले, पूर्वजांना पाणी वाहिलं गेलं. पुष्कळ ठिकाणी लोकांनी जुनं उकरून काढण्यापेक्षा न बोलणंच पसंत केलं. आयोगाच्या टोंकोलिली जिल्ह्यातल्या सुनावण्यांत लढवय्ये दिवसचे दिवस गुळमुळीत बोलत राहिले. वातावरण बदललं ते शेवटच्या दिवशी, सगळ्यांसमोर वाकून क्षमा मागण्याचा विधी झाला तेव्हा. हे हेरून मानवी हक्क कार्यकर्ते जॉन कोकर यांनी २००७-०८ मध्ये ‘फाम्बुल टोक’, म्हणजे क्रिओत ‘घरच्यांची बोलणी’, हा उपक्रम सुरू केला. कायलाहुनपासून गावोगावी रात्री शेकोटीभोवती लोक जमत. पीडित उठून सांगे, माझ्या घरच्यांना कोणी मारलं. तो माणूस समोरच बसलेला असे. तो उठे, कबूल करी आणि माफी मागे.

या उपक्रमाचं सिएरा लिओनमधल्या दोनशे वस्त्यांमध्ये मोजमाप झालं आणि २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. जिथे शेकोट्या झाल्या तिथे लोकांनी माजी लढवय्यांना अधिक क्षमा केली, त्यांच्यावर विश्वास वाढला, गावाच्या सामाईक कामात हातभार वाढला. त्याच वस्त्यांमध्ये नैराश्य, चिंता आणि आघाताची लक्षणंही वाढली, आणि जवळपास तीन वर्षांनी पाहिलं तेव्हाही ती ओसरली नव्हती. गाव सांधलं गेलं, त्याची किंमत ज्याने उठून सांगितलं त्याने स्वतःच्या झोपेने चुकवली. मानसोपचाराची व्यवस्था म्हणावी अशी त्या देशात तेव्हा जवळजवळ नव्हतीच. शेकोटीच्या दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडे कोण जाणार, याची तरतूद या सगळ्या वर्षांतल्या एकाही अंदाजपत्रकाने धड केली नाही.